कमळाचा सातबारा कुणाच्या नावावर? चिनी फुलदाण्या, खामगावचा कापूस आणि एक आळशी दावा (थ्रेड)

‘चिनी फुलदाण्यांवरचे कमळ अजिंठ्याहून गेले, म्हणून ती चित्रकला मुळात आपलीच.’ हे विधान मराठी इतिहासप्रेमींच्या वर्तुळात अधूनमधून फिरत असते. सोबत दोन छायाचित्रे असतात. एक अजिंठ्याच्या छताचे, दुसरे निळ्या नक्षीच्या एखाद्या फुलदाणीचे. दोहोंत कमळ दिसते, आणि तेवढ्यावर खटला निकाली निघतो.

या दाव्याचा एक जुळा भाऊही आहे. तो म्हणतो, चिनी भांडी ही सुलतानांची आणि सावकारांची चैन. दख्खनच्या खऱ्या इतिहासाशी त्यांचा काय संबंध? वरकरणी दोघे एकमेकांचे वैरी वाटतात, परंतु दोघांचा प्रश्न एकच आहे: मालकी कुणाची? एकाला कमळ आपल्या सातबाऱ्यावर चढवायचे आहे, तर दुसऱ्याला फुलदाणी सातबाऱ्यावरून खोडायची आहे. ती फुलदाणी घडली कशी, फुले रंगवली कुणी, त्यांचा अर्थ काय आणि ती कुणाच्या पैशाने कुठे गेली, हे विचारण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

या दाव्यामागची भावना समजण्यासारखी आहे. वसाहतकाळातील इतिहासलेखनाने भारताला पुष्कळदा केवळ घेणाऱ्याची भूमिका दिली. त्या अपमानाची सल आजही जिवंत आहे. पण सल खरी असली, म्हणून पुरावा खरा ठरत नाही.

प्रथम कमळाचाच पुरावा पाहावा. १९२३ मध्ये चीनच्या हनान प्रांतातील शिन्चंग येथे एका थडग्यातून कांस्याची चौकोनी मद्यपात्रे निघाली. पात्राच्या माथ्यावर उमललेल्या कमळाच्या पाकळ्यांचे कडे आहे आणि त्यांच्या मधोमध पंख पसरून उभा असलेला क्रौंच पक्षी. हे पात्र वसंत-शरद कालखंडातील, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या सहाव्या शतकाच्या आसपासचे. बौद्ध धर्म चीनमध्ये पोहोचला तो त्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी, आणि अजिंठ्यातील बहुतांश प्रसिद्ध चित्रे तर इसवी सनाच्या पाचव्या शतकातील. चीनच्या तळ्यांत कमळ होते, चिनी कारागिराच्या डोळ्यांसमोर ते होते आणि त्याने ते कांस्यात ओतलेही होते. त्यासाठी त्याला सह्याद्री ओलांडण्याची गरज पडली नाही.

मग बौद्ध धर्माने काहीच नेले नाही का? नेले, आणि भरपूर नेले. बुद्धाचे आसन म्हणून कमळ, स्तूपाच्या आणि गुंफांच्या कडांना बिलगणारी पानाफुलांची सलग वेल, छताच्या मधोमध फुललेले मोठे चक्राकार कमळ, हे सारे बौद्ध शिल्पचित्रांच्या वाटेने मध्य आशियातून चीनमध्ये गेले. पुढे पोर्सेलीनच्या भांड्यांभोवती फिरणारी जी कमळवेल दिसते, तिच्या पूर्वजांत ही वेल निश्चित आहे.

पण इथेच दावेदारांची पंचाईत होते. ती वेल तरी निव्वळ भारतीय कुठे आहे? लाटेसारखी वर-खाली वळत जाणारी आणि प्रत्येक वळणाला अर्धे पान फेकणारी ही रचना भूमध्य समुद्राच्या काठच्या, ग्रीक वास्तुशिल्पातल्या पर्णवेलीपर्यंत मागे नेता येते. गांधार आणि मध्य आशियात तिच्यावर नवे संस्कार झाले, मग ती पूर्वेकडे सरकली. कलेतिहासाच्या अभ्यासक जेसिका रॉसन यांनी १९८४ च्या आपल्या ग्रंथात हा प्रवास सविस्तर मांडला आहे. ‘मूळ ज्याचे, कला त्याची’ हा नियम प्रामाणिकपणे लावायचा, तर कमळ चीनला आणि वेल ग्रीसला देऊन दावेदाराला रिकाम्या हाताने घरी परतावे लागेल.

आता अर्थाकडे वळावे. कारण फूल रंगवणे म्हणजे केवळ आकार उचलणे नव्हे.

अकराव्या शतकातील विचारवंत चौ दुन-यी याचा कमळावरील एक छोटा निबंध चीनमध्ये शतकानुशतके पाठ केला गेला. त्यात तीन फुलांची तुलना आहे. शेवंती हे संन्यस्त माणसाचे फूल, पिओनी हे धनवंतांचे आणि चिखलातून निर्मळ वर येणारे कमळ हे सज्जनाचे. चिखल आणि कमळ ही उपमा भारतीय वाचकाला घरची वाटेल. तशी ती बौद्ध परंपरेतून तिथे पोहोचलेलीही आहे. परंतु चौ दुन-यी हा कन्फ्यूशियन परंपरेतला पंडित. त्याने त्या उपमेतून घडवला तो भिक्षू नव्हे, तर सरकारदरबारी राहूनही न मळणारा अधिकारी. उपमा तीच राहिली, माणूस मात्र बदलला.

यात भाषेचे खेळही आहेत. चिनी भाषेत कमळाच्या एका नावाचा उच्चार ‘सलग, अखंड’ या अर्थाच्या शब्दासारखा होतो. फुलदाणीसाठीचा शब्द ‘शांतता’ या शब्दाशी जुळतो. पिओनी म्हणजे वैभव आणि मान. वसंतात पिओनी, ग्रीष्मात कमळ, शरदात शेवंती, हिवाळ्यात प्लमचा मोहोर. चार फुले एका भांड्याभोवती रंगवली की वर्ष पूर्ण झाले. ज्याला ही भाषा येत होती, त्याच्यासाठी फुलदाणी हे वाचायचे पान होते. हे सारे दूर सारून ‘कमळ दिसले, म्हणजे अजिंठा’ असे म्हणणे हे परक्या लिपीतला एक ओळखीचा गोल पाहून ‘हे देवनागरीच’ असे ठासून सांगण्यासारखे आहे.

कारागिरी पाहिली की दावा आणखी लंगडा पडतो. च्यांगशी प्रांतातील चिंगदचन हे पोर्सेलीनचे जगप्रसिद्ध केंद्र. जवळच्या काओलिंग टेकडीवरून ज्या पांढऱ्या मातीला ‘केओलिन’ हे नाव पडले, ती माती आणि कुटलेला एक विशिष्ट दगड यांच्या मिश्रणातून भांडे घडे. ते वाळल्यावर, भाजण्याआधीच, त्यावर कोबाल्टने चित्र काढत. कच्चे भांडे टीपकागदासारखे रंग शोषून घेते. कुंचला थांबला की डाग पडतो, आणि चुकलेली रेघ पुसता येत नाही. शिवाय त्या वेळी रंग निळा दिसतच नाही. दिसतो मळकट काळपट. वर झिलई चढवून सुमारे तेराशे अंश सेल्सिअसच्या भट्टीतून भांडे बाहेर आले की मगच निळाई प्रकटते. म्हणजे चित्रकार रंगवतो काळ्याने आणि मनात पाहतो निळे.

हा निळा रंग तरी कुठला? चौदाव्या शतकातील युआनकालीन भांड्यांसाठी उत्तम कोबाल्ट इराणकडून येत असे. काशानजवळच्या कमसरच्या खाणी त्यासाठी प्रसिद्ध होत्या. थोडक्यात, माती चीनची, रंग इराणचा, वेलीचे वळण गांधारमार्गे आलेले, फुलांचा अर्थ चिनी पंडितांचा, आणि गिऱ्हाईक पुष्कळदा पश्चिम आशियातला किंवा हिंदुस्थानातला. या वस्तूचा सातबारा काढायला बसलेल्या तलाठ्याची कीव करावी!

एक फूल एकाच हाताने रंगवले जाई, हाही भ्रमच. चिंगदचनमध्ये राहिलेला फ्रेंच जेझुइट धर्मोपदेशक दान्त्रकोल याने १७१२ मध्ये लिहिलेल्या पत्रात तेथील श्रमविभागणी नोंदवली आहे. काठाचे रंगीत कडे एक जण काढी, फुलांची बाह्यरेषा दुसरा, आत रंग भरणारा तिसरा. डोंगर-पाण्याचा माणूस वेगळा, पशुपक्ष्यांचा वेगळा. एक भांडे पूर्ण होईतो सुमारे सत्तर हातांतून जाई, असे त्याला सांगण्यात आले होते. त्या सत्तरांपैकी एकाचेही नाव भांड्यावर नसे. मालकीचा वाद घालणाऱ्यांना या सत्तर हातांची आठवण होत नाही, ही खरी खटकणारी गोष्ट आहे.

आता ज्या फुलदाण्यांवाचून या विषयाचे पान हलत नाही, त्यांच्याकडे यावे. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ‘डेव्हिड फुलदाण्या’ या नावाने ओळखली जाणारी एक जोडी आहे. उंची सुमारे ६३ सेंटिमीटर, मानेला हत्तीच्या मस्तकांचे कान. ओठाखाली शेवंतीची वेल, त्याखाली केळीची उभी पाने, मग फिनिक्स पक्षी, मग कमळवेल. पोटावर ढगांतून जाणारा ड्रॅगन, आणि खाली पिओनीची वेल. मानेवरच्या केळीच्या पानांमध्ये एक लेख लिहिला आहे. चांग वन-चिन नावाच्या भाविकाने एक धूपपात्र आणि या दोन फुलदाण्या एका ताओ मंदिराला अर्पण केल्या, कुटुंबाचे रक्षण व्हावे आणि मुलाबाळांना शांती लाभावी म्हणून. वर्ष युआन राजवटीतील चिचंग कालगणनेचे अकरावे, म्हणजेच इसवी सन १३५१.

त्या सालामुळे जगभरच्या निळ्या-पांढऱ्या भांड्यांचा कालक्रम जागेवर बसला. चौदाव्या शतकात चीन इतके प्रगल्भ निळे-पांढरे काम करत होता, हे त्यापूर्वी बहुतेकांना मान्य नव्हते. १९५० च्या दशकात जॉन पोप यांनी इस्तंबूलचा तोपकापी राजवाडा आणि इराणमधील अर्दबीलचा दर्गा येथील संग्रह या जोडीशी ताडून पाहिले आणि एक संपूर्ण गट ओळखून दाखवला. तो ओळखला फुलांवरून: कमळाची टोकेरी पाने, वेलीचे वळण, पिओनीच्या पाकळ्यांची ठेवण. इतिहासप्रेमींनी फुले अशी पाहायची असतात.

ही जोडी जिच्या नावाने ओळखली जाते, ती व्यक्ती कोण? सर पर्सिव्हल डेव्हिड. जन्म १८९२, जन्मस्थान मुंबई. वडील सर ससून डेव्हिड हे मुंबईच्या बगदादी ज्यू समाजातले, कापूस आणि सुताचे बडे व्यापारी, १९०६ मध्ये स्थापन झालेल्या बँक ऑफ इंडियाच्या संस्थापकांपैकी एक. पर्सिव्हल यांनी या दोन फुलदाण्या दोन वेगवेगळ्या संग्रहांतून मिळवून पुन्हा एकत्र आणल्या. धूपपात्र आजतागायत सापडलेले नाही. त्यांच्या सुमारे १७०० वस्तूंचा संग्रह १९५२ पासून लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली होता, २००९ पासून ब्रिटिश म्युझियमच्या स्वतंत्र दालनात आहे, आणि २०२४ मध्ये तो संग्रहालयाला कायमचा देण्यात येत असल्याचे जाहीर झाले. तेव्हा त्याची किंमत सुमारे एक अब्ज पौंड सांगितली गेली.

कापूस आणि सूत म्हटले की वऱ्हाडचे नाव निघणारच.

१८५३ मध्ये निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६१ नंतर कापसाचे भाव भडकले आणि खामगावचा बाजार जगाच्या नकाशावर आला. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांच्या हस्ते जलंब ते खामगाव या लोहमार्गाचे उद्घाटन झाले. इतकी लहान शाखा आणि तिच्यासाठी थेट व्हाइसरॉय! (खामगाव तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, ते बुलढाण्यात आले १९०५ च्या फेररचनेत.) वऱ्हाडच्या गाठी मुंबईला जात. काही लिव्हरपूलच्या जहाजांवर चढत, तर काही गिरणगावात सुताचे रूप घेत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईच्या गिरण्यांच्या जाड्याभरड्या सुताचे सर्वांत मोठे परदेशी गिऱ्हाईक होते चीन. मुंबईतल्या कित्येक घराण्यांची श्रीमंती या व्यापारावर उभी राहिली, आणि त्यापूर्वी व त्यासोबत अफूच्या व्यापारावरही. मुंबईच्या वस्तुसंग्रहालयांतील किंवा जुन्या हवेल्यांतील चिनी भांड्यांपुढे उभे राहताना हा हिशेब डोळ्यांआड करता येत नाही.

याचा अर्थ खामगावच्या एखाद्या गाठीतून थेट १३५१ ची फुलदाणी निघाली, असा नव्हे. तसे म्हणणे म्हणजे पुन्हा त्याच आळसाकडे वळणे होईल. उद्या कुणी ‘डेव्हिड फुलदाण्या खामगावला परत करा’ अशी मोहीमही काढील. सिद्ध होते ते एवढेच, आणि तेवढे पुरेसे आहे: काळ्या मातीतला शेतकरी, बाजारातला अडत्या, गिरणीतला कामगार, शांघायमधला सूत विकत घेणारा विणकर आणि लंडनमधला संग्राहक हे एकाच साखळीचे दुवे होते. वऱ्हाडचा चिनी फुलदाणीशी खरा संबंध हा असा आहे. तो अजिंठ्याच्या छतावरून ओढूनताणून आणावा लागत नाही. तो जलंबच्या रुळांवरून सरळ जातो. फक्त तो अभिमानाचा नसून हिशेबाचा आहे, म्हणून त्याचे कुणी रील बनवत नाही.

जुळ्या भावालाही उत्तर द्यायला हवे. चिनी भांडी दख्खनला परकी नव्हती. १३२७ च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने राजधानी दौलताबादेस हलवली. त्याचाच दूत म्हणून चीनकडे निघालेला इब्न बतूता १३४२ मध्ये दौलताबादेहून गेला, आणि चिनी भांडी हिंदुस्थानात व तेथून थेट मगरिबपर्यंत पोहोचतात, अशी नोंद त्याने केली. दिल्लीत फिरोजशाह कोटल्याच्या परिसरात १९६० मध्ये सुमारे सत्तर चिनी भांड्यांचे अवशेष सापडले. बहुतेक निळी-पांढरी, डेव्हिड फुलदाण्यांच्याच काळातली, अंगावर कमळ-पिओनी मिरवणारी. तुघलकांच्या ताटांत ही फुले होती.

दौलताबादच्या किल्ल्यातील ‘चिनी महाल’ मात्र जपून वापरावा असा पुरावा आहे. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन याला औरंगजेबाने येथेच कैदेत ठेवले. महालाला नाव पडले ते भिंतींवरच्या झिलईदार रंगीत फरशांमुळे. त्या फरशा चीनहून आलेल्या नव्हेत. मध्ययुगीन दख्खनमध्ये ‘चिनी’ हा शब्द झिलई चढवलेल्या कोणत्याही चकचकीत कामाला लागे. आग्र्याच्या ‘चिनी का रौझा’चेही तेच. आजही लोणच्याच्या देशी बरणीला ‘चिनी मातीची’ म्हणतात. नावावरून मूळ ठरवणारे दोन्ही बाजूंचे उत्साही या पायरीवर हमखास घसरतात.

आणि दौलताबाद बुलढाण्याला दूरचे नाही. सिंदखेड राजाचे लखुजी जाधवराव १६२९ च्या जुलैमध्ये निजामशाही दरबारात मारले गेले, ते याच किल्ल्यात. जिजाऊंचे माहेर ज्या राजकारणात वावरत होते, त्यातील दालनांत झिलईचे निळे-पिवळे रंग होते. दख्खनचा ‘खरा’ इतिहास असा धुऊन-पुसून वेगळा काढता येत नाही.

मुद्दा शब्दच्छलाचा असता, तर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. नुकसान प्रत्यक्ष आहे आणि ते जमिनीत होते आहे.

जून २०२४ मध्ये सिंदखेड राजा येथे लखुजीराजांच्या समाधीच्या जतनाचे काम चालू असताना पुरातत्त्व सर्वेक्षणाला शेषशायी विष्णूची भव्य मूर्ती मिळाली. तिची छायाचित्रे रातोरात सर्वत्र पोहोचली, ते योग्यच झाले. पण मूर्तीपर्यंत पोहोचताना जी माती उपसली जाते, तिच्यातही इतिहास असतो: खापरे, काच, कोळसा, विटांचे तुकडे. मध्ययुगीन थरातले बोटभर निळे-पांढरे खापर त्या ठिकाणचा समुद्राशी असलेला व्यापार सांगू शकते, थराचे साल सांगू शकते. त्याची छायाचित्रे कुठेच पोहोचत नाहीत. गढ्यांच्या पांढरीची माती शेतात टाकण्यासाठी गाड्या भरभरून उपसली जाते, तेव्हा तर ते कुणी पाहतही नाही.

‘आपले’ म्हणून मिरवले जाणारे तरी सुरक्षित आहे का? संग्रामपूर तालुक्यात पूर्णेच्या काठी भोन येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात विटांचा स्तूप आणि मातीच्या कड्यांच्या विहिरींची मोठी संख्या उजेडात आली. मौर्य-सातवाहन काळातली ही वसाहत. म्हणजे अजिंठ्याच्या डोंगररांगेखालचा, बुलढाण्याचा स्वतःचा बौद्ध वारसा. हे स्थळ जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्राच्या प्रश्नात अडकलेले आहे. चीनपर्यंत गेलेल्या कमळावर हक्क सांगणाऱ्या किती जणांनी भोनसाठी दोन ओळी लिहिल्या?

ज्याला या विषयात खरोखर शिरायचे आहे, त्याला सुरुवात गावच्या गढीपासून करता येईल. निळी रेघ असलेले खापर दिसले तर प्रथम कड पाहावी. पोर्सेलीनची कड पांढरी, घट्ट, काचेसारखी असते. साध्या मातीच्या भांड्याची भुसभुशीत. निळा रंग झिलईच्या खाली आहे की वर, हे उजेडात तिरपे धरून कळते. फुलाची रेघ कुंचल्याची असेल, तर ती कुठे जाड, कुठे बारीक होते आणि कडेला किंचित पसरते. ती ठिपक्यांची किंवा सगळीकडे एकसारखी असेल आणि नक्षीचा सांधा उघड दिसत असेल, तर ते बहुधा एकोणिसाव्या शतकातले, छापील नक्षीचे विलायती भांडे. खामगावच्या कापूसबाजाराच्या काळातले म्हणून तेही टाकाऊ नाही. तुकडा घरी नेऊ नये. जागेवरच, शेजारी मोजपट्टी ठेवून, दोन्ही बाजूंचे आणि कडेचे छायाचित्र घ्यावे. ते गावाच्या, गटाच्या नोंदीसह राज्याच्या पुरातत्त्व विभागाला किंवा जवळच्या विद्यापीठातील विभागाला कळवावे, आणि खापर होते तिथेच ठेवावे.